सहा आणि सातच्या मध्ये काय असतं?

फोनवर दोन ओळींचं नोटिफिकेशन येतं. अमुक ठिकाणी भूकंप, तीव्रता ४.२ रिश्टर स्केल, जीवितहानी नाही. आपण ते अंगठ्याने सरकवून टाकतो. दोन दिवसांनी आणखी कुठेतरी ५.१. तेही सरकतं. हे आकडे तापाच्या थर्मामीटरसारखे वाचले जातात. थोडा कमी, थोडा जास्त, एवढंच.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात धक्के सुरू झाले आणि महिनोन्‌महिने थांबले नाहीत. बहुतेक अगदी लहान, मोठ्यात मोठे चारच्या आसपास. भर थंडीत लोक घरं सोडून तंबूत झोपले. त्या दिवसांत एक वाक्य मी व्हॉट्सअ‍ॅपवर, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं: "छोटे छोटे धक्के बसतायत ते बरंच आहे. आतली ताकद हळूहळू निघून जाते, मग मोठा येत नाही." कुकरच्या शिट्टीसारखं. शिट्टी झाली की वाफ गेली, कुकर फुटायचा नाही.

धीर देणारं वाक्य आहे, आणि तंबूत झोपलेल्या माणसाला धीर हवाच असतो. पण हे वाक्य तपासता येतं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बारावीच्या परीक्षेत जे लॉग टेबल घेऊन आपण बसतो, ते पुरतं. फक्त आधी हा रिश्टरचा आकडा आला कुठून आणि त्याला ऊर्जा कधी, कशी चिकटली हे बघावं लागतं. ती गोष्ट लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीना गावात, १९३० च्या आसपास सुरू होते.

चार्ल्स रिश्टर तेव्हा तिशीत होता. कॅलटेकशी जोडलेल्या भूकंप प्रयोगशाळेत त्याचं काम तसं कारकुनी होतं: दक्षिण कॅलिफोर्नियात होणाऱ्या भूकंपांची यादी ठेवायची. वर्षाला शेकडो भूकंप, त्यांतले बहुतेक कुणाला जाणवतही नसत. यादी करायची तर प्रत्येकापुढे तो केवढा होता ते लिहायला हवं, आणि गाडी तिथेच अडत होती. तोवर भूकंप 'मोजायची' रूढ पद्धत म्हणजे मर्कालीची बारा पायऱ्यांची पट्टी. भांडी खणखणली का, धुराडी पडली का, माणसं रस्त्यावर धावली का, यावरून पायरी ठरायची. पण ही पट्टी भूकंपाइतकीच तिथल्या माणसांची आणि भिंतींची असते. ओसाड वाळवंटात झालेला मोठा भूकंप तिच्यात दिसत नाही, आणि गावाच्या थेट खाली झालेला किरकोळ भूकंप राक्षस ठरतो.

गणपतीच्या मिरवणुकीतला डीजे डोळ्यांसमोर आणा. भिंतीसमोर उभा असलेल्याची छाती हादरते, तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्याच्या फक्त खिडक्या वाजतात. दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील. मर्काली त्या दोघांना विचारत होता. रिश्टरला डीजे किती वॉटचा आहे ते हवं होतं. मराठी वर्तमानपत्रं या दोन्ही गोष्टींना 'तीव्रता' म्हणतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. म्हणून मी इथे सरळ मॅग्निट्यूड म्हणणार आहे.

पॅसाडीनाकडे एक चांगलं यंत्र होतं. हॅरी वुड आणि जॉन अँडरसन या दोघांनी बनवलेला भूकंपमापक. ताणून बसवलेली बारीक तार, तिला चिकटवलेला इवलासा तांब्याचा तुकडा, त्यावर आरसा. जमीन हलली की तार पिळवटायची, आरसा वळायचा आणि त्यावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फोटोच्या कागदावर रेघ ओढायचा. जमिनीची हालचाल २,८०० पट मोठी दिसते असा हिशोब होता. (पुढे १९९० च्या सुमारास कुणीतरी नीट तपासलं तर ती साधारण २,०८० पटच निघाली. पण एकदा रूढ झालेली पट्टी कोण बदलणार?) अशी एकसारखी यंत्रं वेगवेगळ्या केंद्रांवर बसवलेली असल्यामुळे एकाच भूकंपाच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून बघता येत.

याच सुमारास रिश्टरने जपानच्या कियू वादाती याचा लेख वाचला. वादातीने केंद्रापासूनचं अंतर आडव्या अक्षावर आणि जमिनीची जास्तीत जास्त हालचाल उभ्या अक्षावर घेऊन मोठ्या भूकंपांची तुलना केली होती. रिश्टरने आपल्या नोंदींवर तेच करून पाहिलं आणि कागदच पुरेना. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भूकंपांच्या रेघांमध्ये हजारो पटींचा फरक. मोठे कागदावर मावतील अशी पट्टी घेतली की लहान सगळे तळाला चिकटून एक रेघ होतात. लहान दिसतील अशी घेतली की मोठे छताबाहेर.

प्रयोगशाळेत बेनो गुटेनबर्ग होता. रिश्टरपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, जर्मनीतल्या डार्मश्टाटचा, ज्यू. पहिल्या महायुद्धानंतर त्याला भूकंपशास्त्रात पोट भरेल अशी नोकरी मिळेना, म्हणून तो वडिलांच्या साबणाच्या कारखान्यात काम करायचा आणि उरलेल्या वेळात पृथ्वीच्या गाभ्याचा अभ्यास. १९३० मध्ये पॅसाडीनाला आला आणि वाचला. पाहुणा म्हणून आलेल्या आइनस्टाइनशी १९३३ साली गप्पा मारत चालताना लाँग बीचचा भूकंप झाला आणि दोघांनाही कळलं नाही, अशी गोष्ट सांगतात. गप्पा भूकंपांच्याच चालल्या होत्या म्हणे.

तर गुटेनबर्ग म्हणाला, आकड्यांऐवजी त्यांचे लॉग मांड.

रिश्टरने पुढे एका मुलाखतीत लॉगचे आलेख म्हणजे सैतानाची करामत असं गमतीत म्हटलं. करामत खरीच होती. समजा दोन भूकंप आहेत, आणि ५० किलोमीटरवर एकाची रेघ दुसऱ्याच्या शंभरपट उंच आहे. दोघांच्याही लाटा अंतरानुसार सारख्याच विरत जात असतील, तर २०० किलोमीटरवरही पहिल्याची रेघ साधारण शंभरपटच राहील. साध्या आलेखावर हे दोन वक्र एकमेकांकडे झुकत जातात, काही समजत नाही. लॉग घेतला की 'शंभरपट' हे 'अधिक २' होतं, आणि अधिक २ सगळीकडे अधिक २ च राहतं. दोन्ही वक्र एकमेकांना समांतर. जिन्याच्या दोन पायऱ्यांसारखे. मग प्रत्येक भूकंपाला त्याची पायरी देऊन टाकली की झालं. केंद्र कुठेही असो, पायरी तीच.

गुणाकाराची बेरीज करणं हेच लॉगचं मूळ काम. नेपियरने १६१४ मध्ये ते खगोलशास्त्रज्ञांचे लांबलचक गुणाकार वाचवायला शोधलं. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला लघुगणक असं गोड नाव आहे. मॅग्निट्यूड हा शब्दही आकाशातूनच आला. ताऱ्यांची तेजस्विता सांगताना आपण पहिल्या प्रतीचा, दुसऱ्या प्रतीचा तारा म्हणतो, ती 'प्रत' म्हणजे इंग्रजीत मॅग्निट्यूड. ती पट्टीही लॉगचीच. रिश्टरला लहानपणापासून ताऱ्यांचा नाद होता, आणि हा शब्द वापरायचं वुडने सुचवलं.

१९३५ साली लेख छापून आला. शून्याची पायरी अशी ठरवली: शंभर किलोमीटरवरच्या वुड-अँडरसन यंत्रावर मिलिमीटरचा हजारावा भाग एवढी रेघ उमटवणारा भूकंप म्हणजे शून्य. इतका लहान भूकंप कधी मोजावाच लागणार नाही अशी खात्री होती. (यंत्रं सुधारली आणि आज उणे मॅग्निट्यूडचे भूकंपही मोजले जातात.) हिशोब अगदी सरळ. शंभर किलोमीटरवर २३ मिलिमीटर उंच रेघ आली, तर ती शून्याच्या रेघेच्या २३,००० पट झाली. २३,००० चा लॉग ४.३६. म्हणजे मॅग्निट्यूड ४.४. रिश्टर स्केल म्हणजे एवढंच. ती वस्तू नाही. पण पॅसाडीनाला येणारे पाहुणे 'ते स्केल' दाखवा म्हणून मागे लागत, आणि रिश्टरला त्याची मजा वाटायची.

आता नीट बघा, या सगळ्यात ऊर्जा कुठे आली? कुठेच नाही. व्याख्येत एक यंत्र आहे, एक अंतर आहे, कागदावरची एक रेघ आहे. ही पट्टी यादी लावण्यासाठी होती, ग्रंथालयातल्या पुस्तकांना नंबर द्यावेत तशी. तिच्यावरून जमिनीखाली किती ज्यूल मोकळे झाले हे सांगायचं, तर रेघ आणि ऊर्जा यांच्यामधला पूल वेगळा बांधावा लागणार होता.

तो बांधायला रिश्टर आणि गुटेनबर्गला वीस वर्षं लागली, आणि मला या इतिहासातला हा भाग सर्वांत प्रामाणिक वाटतो. केंद्राजवळ जमीन किती हलली, किती वेगाने, किती सेकंद, यावरून लाटांतली ऊर्जा काढायची, ती मॅग्निट्यूडसमोर मांडायची आणि त्या ठिपक्यांतून रेषा काढायची. १९४२ मध्ये त्यांनी लिहिलं की ऊर्जेचा लॉग म्हणजे ११.३ अधिक मॅग्निट्यूडच्या १.८ पट. ऊर्जा अर्गमध्ये. मग आणखी नोंदी आल्या, रेषा हलली, सूत्र बदललं. १९५६ मध्ये ते ११.८ अधिक १.५ पट यावर थांबले. अर्गचे ज्यूल केले की सात वजा होतात आणि आज वापरतात ते सूत्र मिळतं:

लॉग (ऊर्जा) = ४.८ + १.५ × मॅग्निट्यूड

१.८ चे १.५ झाले, त्यात काय मोठंसं? आठ मॅग्निट्यूडच्या भूकंपासाठी दोन्ही करून बघा. जुन्या सूत्राने लॉग येतो २५.७, नव्याने २३.८. फरक १.९. आणि १.९ चा अँटिलॉग जवळजवळ ऐंशी. म्हणजे चौदा वर्षांत, त्याच दोन माणसांच्या हातून, त्याच भूकंपाची ऊर्जा ऐंशीपट कमी झाली. जमिनीला पत्ताही नाही. लॉगमध्ये दशांशचिन्हानंतरचा आकडाही असा महागात पडतो.

नव्या सूत्रानुसार एक पायरी वर म्हणजे लॉगमध्ये १.५ जास्त. १.५ चा अँटिलॉग ३१.६. म्हणजे सहा आणि सातच्या मध्ये कागदावरची रेघ दहापट होते, पण ऊर्जा साधारण ३२ पट. दोन पायऱ्या वर गेलं की बरोबर हजारपट. पाच आणि सातच्या मध्ये हजार भूकंप मावतात.

आता आपल्या घरचे दोन भूकंप घेऊ.

किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी. मॅग्निट्यूड ६.२. दीडपट केली तर ९.३, त्यात ४.८ मिळवले की १४.१. लॉग टेबल उघडा: ०.१ चा अँटिलॉग १.२५९. म्हणजे ऊर्जा १.२६ गुणिले दहाचा चौदावा घात, इतके ज्यूल. वर्तमानपत्रं अशा वेळी हिरोशिमाचे बॉम्ब मोजतात. त्या मापात हे दोन होतात. मला विजेचं माप जास्त कळतं. ही ऊर्जा म्हणजे साडेतीन कोटी युनिट वीज. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. तो पूर्ण ताकदीने चालवला तर एवढी वीज अठरा तासांत तयार होते. फक्त अठरा तास! हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा कागद उलटून दोनदा तपासला. हिशोब बरोबर होता. अर्थात ही फक्त लाटांमधून बाहेर पडलेली ऊर्जा. खडक दळण्यात आणि तापवण्यात गेलेली या सूत्रात धरत नाहीत.

कोयना, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. मॅग्निट्यूड ६.३. तसंच करत गेलं की १४.२५, म्हणजे १.७८ गुणिले तोच चौदावा घात. किल्लारीच्या १.४ पट. कोयनानगर आणि आसपास मिळून सुमारे १८० माणसं गेली. त्याहून कमी ऊर्जेच्या किल्लारीत हजारो गेली. दोन्ही पहाटे, दोन्ही वेळा गाव झोपेत. पण किल्लारीच्या परिसरात दाट वस्तीची गावं होती, आणि गावांत होत्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्यावर टनावारी मातीचं माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद अंगावर आलं. लॉगचं सूत्र ज्यूल सांगतं आणि गप्प बसतं. भिंत कशाची होती हा प्रश्न पुन्हा त्या जुन्या मर्कालीलाच विचारावा लागतो.

(रिश्टर ३० सप्टेंबर १९८५ ला वारला. किल्लारीच्या बरोबर आठ वर्षं आधी. योगायोग आहे, बाकी काही नाही.)

एवढ्यावर सूत्र पक्कं झालं असं वाटेल, पण अजून एक भोक राहिलं होतं, आणि ते सर्वांत मोठ्या भूकंपांच्या बाजूला होतं. ढोल-ताशाचा व्हिडिओ मोबाइलच्या स्पीकरवर लावून बघा. ताशा कडकडतो, ढोल मात्र गायब. स्पीकर लहान, त्याला खालचे सूर पेलत नाहीत. आता फक्त मोबाइल ऐकून पथकात किती ढोल आहेत ते सांगायचं म्हटलं तर वीस आणि दोनशे सारखेच ऐकू येतील. भूकंपमापकांचं तेच होत होतं. भूकंप जितका मोठा तितकी त्याची ऊर्जा संथ, लांब लाटांमध्ये जाते, आणि रिश्टरची पट्टी ज्या झटपट लाटांवर उभी होती त्या एका मर्यादेनंतर वाढतच नाहीत. रिश्टरचा मूळ आकडा सातच्या आसपास अडकतो. लांब पृष्ठलाटांवरून काढलेला, गुटेनबर्गने दूरच्या भूकंपांसाठी तयार केलेला आकडा साडेआठच्या आसपास.

यामुळे १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप आणि २२ मे १९६० चा चिलीचा भूकंप हे दोन्ही पुस्तकात सव्वाआठ ते साडेआठच्या घरात शेजारी शेजारी बसले होते. चिलीत जवळपास हजार किलोमीटर लांबीची भेग सरकली होती, मुंबईपासून जयपूरच्याही पुढे जाईल एवढी, आणि सरकली सरासरी वीसेक मीटर. तिथून उठलेल्या त्सुनामीने अर्ध्या दिवसाहून जास्त वेळाने हवाईत आणि जवळपास पूर्ण दिवसानंतर जपानमध्ये माणसं मारली. सगळी पृथ्वी घंटेसारखी काही दिवस थरथरत राहिली आणि ते कंप पहिल्यांदाच स्पष्ट मोजता आले. गुटेनबर्ग त्याच वर्षी जानेवारीत गेला होता. त्याला हे बघता आलं नाही.

हे भोक बुजवलं हिरू कानामोरीने, १९७७ मध्ये, कॅलटेकमध्येच. केइती आकीने दहा वर्षं आधी एक नवं माप वापरलं होतं: भेगेचं क्षेत्रफळ, ती सरकली ते अंतर आणि खडकाचा ताठपणा, तिन्हींचा गुणाकार. या गुणाकाराला छत नाही. कानामोरीने त्यावरून ऊर्जा काढली आणि मग गुटेनबर्ग-रिश्टरचं सूत्र उलटं चालवलं: ऊर्जा एवढी आहे, तर मॅग्निट्यूड किती असायला हवा? जुने मधले आकडे जवळपास जागेवर राहिले, टोकाचे हलले. सॅन फ्रान्सिस्को ७.९ वर उतरला. चिली ९.५ वर गेला. फरक १.६, दीडपट २.४, अँटिलॉग २५१. कालपर्यंत बरोबरीचे असलेले दोन भूकंप अडीचशे पटींनी लांब गेले. सबंध विसाव्या शतकात जगभरच्या भूकंपांतून जे काही बाहेर पडलं त्याचा साधारण पाव हिस्सा एकट्या चिलीचा धरतात.

आपल्याकडे हाच घोळ २६ जानेवारी २००१ ला भूजच्या वेळी झाला. आपल्या हवामान खात्याने स्थानिक पट्टीवरून ६.९ सांगितलं, अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा आकडा ७.७ वर स्थिरावला. कोण खोटं बोलतंय यावर रकाने भरले. दोन पट्ट्या वेगळ्या होत्या, आणि त्यांतली एक सातच्या जवळ अडकणारी होती. ०.८ चा फरक म्हणजे ऊर्जेत सोळापट. आज मोठ्या भूकंपांच्या बातमीत 'रिश्टर स्केल' छापलेलं असतं, पण आकडा बहुधा कानामोरीच्या पद्धतीचा असतो.

आता ते कुकरचं वाक्य.

कोयनेसारखा ६.३ चा भूकंप टाळायचा आहे आणि त्याची ऊर्जा चारच्या धक्क्यांनी फेडायची आहे असं समजू. फरक २.३, दीडपट ३.४५, अँटिलॉग २,८१८. म्हणजे रोज एक चारचा धक्का, पावणेआठ वर्षं, एकही सुट्टी न घेता. तीनच्या धक्क्यांनी फेडायची असेल तर ८९,००० धक्के हवेत. रोज एक म्हटलं तर २४४ वर्षं. या हप्त्यांनी हे कर्ज फिटत नाही.

कुणी म्हणेल, लहान भूकंप असतातही हजारोंनी. असतात. किती, तेही याच जोडीने १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नोंदींवरून मांडलं, पुन्हा लॉगमध्येच: एक पायरी खाली उतरलं की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. सहाचा एक, तर पाचचे दहा, चारचे शंभर, तीनचे हजार. जगात बहुतेक ठिकाणी हे ढोबळमानाने लागू पडतं. आता दोन्ही नियम एकत्र ठेवा. सहाच्या एका भूकंपाची ऊर्जा शंभर रुपये धरली, तर पाचच्या एकाची ३ रुपये १६ पैसे, आणि ते दहा, म्हणजे सगळ्यांचे मिळून ३१ रुपये ६० पैसे. चारचा एक दहा पैशांचा, ते शंभर, दहा रुपये. तीनचे हजार मिळून ३ रुपये १६ पैसे. दोनचे दहा हजार मिळून एक रुपया. असं शून्यापर्यंत, त्याच्याही खाली करत जा आणि सगळ्याची बेरीज करा. ४६ रुपये. लहानांची संख्या दहापटीने वाढते, पण किंमत बत्तीसपटीने पडते, म्हणून त्यांचा सगळा गल्ला एकत्र करूनही एका मोठ्याचा निम्मादेखील होत नाही.

कोयनेत तर हे प्रत्यक्षच मोजता येतं. शिवाजीसागर भरायला लागल्यानंतर तिथे सुरू झालेले भूकंप अजून थांबलेले नाहीत. धरणाच्या पाण्यामुळे चाळवलेल्या भूकंपांत १९६७ चा भूकंप जगातला सर्वांत मोठा मानला जातो. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टापूचा अनेक दशकं अभ्यास केला आहे. त्यांच्या मोजदादीनुसार पाचच्या वरचे वीस-बावीस भूकंप, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, त्याहून लहान हजारो. बावीस पाचचे आणि दोनशे चारचे धरून मी बेरीज केली. १९६७ च्या एका पहाटेच्या ऊर्जेचा जेमतेम एकतृतीयांश. यातले काही पाच आणि चारपेक्षा मोठे होते म्हणून बेरीज दुप्पट केली, तरी तो एक भूकंप पुरा होत नाही. पन्नास वर्षांच्या शिट्ट्या, आणि कुकरमधली वाफ अशी हलत नाही.

याचा उलटा अर्थही काढू नये. लहान धक्के बसतायत म्हणजे मोठा येणारच, असंही या सूत्रात कुठे लिहिलेलं नाही. धक्क्यांच्या अशा मालिका बहुतेक वेळा काही मोठं न घडताच विरून जातात. किती साठलंय, किती सरकायचं बाकी आहे, हे भेगेजवळ जाऊनच बघावं लागेल. त्यासाठी कोयनेच्या टापूत गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक खणलं आहे, आणि कराडजवळ त्या कामासाठी प्रयोगशाळा उभी आहे. दर पावसाळ्यात शिवाजीसागर भरतो, उन्हाळ्यापर्यंत उतरतो, आणि त्या चढउताराबरोबर खालचे धक्केही कमीजास्त होतात.